नोंद घेण्यात आली

कलबुर्गीहून आळंदच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत कडगंची येते. आपल्या भागातील जुन्या मराठी घरांना हे गाव सायंदेवांचे म्हणून ठाऊक आहे. गाणगापूरला जाणारी मंडळी वाट वाकडी करून येथे येतात, कारण गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर हे याच सायंदेवांच्या कुळातले. अलीकडच्या मुलांना मात्र कडगंची म्हटले की केंद्रीय विद्यापीठ आठवते. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्याने ते स्थापन झाले, आरंभी गुलबर्गा विद्यापीठाच्या आवारात पाहुण्यासारखे राहिले आणि मग येथल्या सहाशेहून अधिक एकरांच्या जागेवर स्वतःच्या घरी आले. आमचे घराणे सोलापूरकडून या गावात आले त्याला पाच पिढ्या लोटल्या. आमच्या लहानपणी या बाजूला तूर आणि ज्वारी यांखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. आता दूरदूरच्या राज्यांतील मुलेमुली सायंकाळी रस्त्याच्या कडेने फिरताना दिसतात आणि गावातील चहावाल्याला चार भाषांत सुटे पैसे मागता येतात.

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठात एक परिसंवाद ऐकण्यास आम्ही गेलो होतो. निवृत्त मनुष्याला परिसंवाद फार मानवतात; बसण्यास खुर्ची मिळते आणि निर्णय काही घ्यावा लागत नाही. मधल्या सुटीत दोन संशोधक विद्यार्थी आमच्यापाशी आले. मुलगी मराठी घरातली, मुलगा कन्नड भाषक. सीमाभागातील इतिहास व दफ्तरांचा अभ्यास करणाऱ्या एका परिषदेने त्या दोघांना त्या वर्षापुरते विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीवर घेतले होते, आणि एकेकाळी आम्ही त्याच परिषदेचे सहकार्यवाह होतो हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मुलीने सरळ विचारले, ‘‘काका, विद्यार्थी प्रतिनिधीने नेमकं करायचं काय असतं?’’

आम्ही उत्तर दिले की सभेला वेळेवर जावे, विषयपत्रिका आधी वाचावी आणि विद्यार्थ्यांच्या अडचणी नम्रपणे मांडाव्यात. दोघांनी ते वहीत उतरवून घेतले. परतीच्या वाटेवर मात्र आम्हाला चैन पडेना. उत्तर खोटे नव्हते. पण ते ज्याला काही लपवायचे आहे अशा माणसाचे उत्तर होते, आणि हे त्या दोघांना जरी कळले नसले तरी आम्हाला पक्के कळले होते.

त्याचे कारण सांगण्यासाठी २०१३ सालाकडे जावे लागेल. तत्पूर्वी आमच्या पेशाविषयी दोन शब्द. राज्य शासनाच्या सहकार खात्यात आम्ही छत्तीस वर्षे काढली. सहकारी संस्था आणि नोंदणीकृत संस्था यांची दफ्तरे तपासणे हा आमचा रोजचा धंदा. कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील संस्थाही याच खात्याच्या नजरेखाली येतात. त्यामुळे दूध संघापासून भजनी मंडळापर्यंत शेकडो संस्थांची कार्यवृत्ते आमच्या हाताखालून गेली. आपण मराठीत ज्याला कार्यवृत्त म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘नडावळी’ म्हणतात. ‘नडे’ म्हणजे चालणे, तेव्हा सभेत जे चालले ते नडावळी. निजामी अमदानीत वाढलेली आमच्या वडिलांची पिढी ‘रूदाद’ म्हणत असे. तीन भाषांतील तीन शब्द, पण तिन्हींचा खरा अर्थ एकच: सभेत काय घडले हे नव्हे, तर लिहिणाऱ्याने काय घडू दिले. वही ज्याच्या हाती, सभा त्याची. अध्यक्ष येतात नि जातात, हार घालून घेतात. कारकून मात्र वर्षानुवर्षे तोच असतो.

इतिहासाची आवड आम्हाला वडिलांकडून आली. खात्याची रीतसर परवानगी काढून आम्ही या परिषदेचे सहकार्यवाह झालो. अशा परिषदांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने १९३५ साली जी परिषद भरली, तिच्यातूनच पुढे भारतीय इतिहास परिषद वाढली. आमची परिषद त्या मानाने अगदीच धाकटी. महाविद्यालयांतील प्राध्यापक, काही निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्यासारखे हौशी, असा तिचा संसार. वर्षातून एक अधिवेशन, त्यात वाचले जाणारे निबंध आणि त्यांतील निवडक निबंधांचे एक पुस्तक.

२०१२ साली आम्ही घटनादुरुस्ती करून दोन विद्यार्थी प्रतिनिधी घेण्याचे ठरवले. या निर्णयामागे फार उदात्त विचार होता असे वाचकांस वाटू नये. अधिवेशनाला हातांची गरज असते: पाहुण्यांना स्थानकावरून आणणे, नावांच्या चिठ्ठ्या छातीला लावणे, जेवणाची कुपने वाटणे. शिवाय अनुदानाच्या एका अर्जात ‘तरुणांचा सहभाग’ असा रकाना होता आणि तो आमच्याकडे दरवर्षी कोरा राहत असे. प्रतिनिधी निवडायचे कसे, हा प्रश्न एकाने विचारला तेव्हा कार्यकारिणीने नेमावेत असे दोन मिनिटांत ठरले. मुदत एक वर्ष.

दुसऱ्या वर्षी जी मुलगी प्रतिनिधी म्हणून आली ती आळंद तालुक्यातीलच एका खेड्यातली. वडिलांचे किराणा मालाचे दुकान. आजोबांकडून ती मोडी वाचण्यास शिकली होती आणि गावकामगारांच्या जुन्या हिशेबांवर तिचे काम चालले होते. आपल्या वाड्यांतील माळ्यांवर रुमालांत बांधलेले जे कागद पडून आहेत त्यांची भाषा मराठी असली तरी लिपी मोडी आहे, आणि ती सफाईने वाचणारे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत हे वाचक जाणतातच. त्या मुलीचा हात फार चांगला होता. परिषदेतील दोन-तीन ज्येष्ठ सभासद आपले कागद तिच्याकडूनच बाळबोधीत उतरवून घेत असत.

सभेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ आला तेव्हा ती उठून उभी राहिली. आमच्या सभेत उभे राहून कोणी बोलत नसे. तिने शाळेत लागलेली सवय सोडली नव्हती. तिच्या हातात वहीचे एक पान होते. मागील तीन अधिवेशनांत विद्यार्थ्यांनी किती निबंध वाचले आणि त्यांतील किती छापले गेले याची तिने मोजणी केली होती. वाचणाऱ्यांत विद्यार्थी निम्म्याच्या आसपास होते. छापलेल्या निबंधांत त्यांचे तीन वर्षांत मिळून दोन. नोंदणी शुल्क मात्र प्राध्यापकाला जेवढे तेवढेच विद्यार्थ्याला. हे असे का, आणि निबंध नाकारला तर त्याचे कारण लेखी कळवता येईल का, असे तिने विचारले. इथपर्यंत मंडळी ऐकत होती. मग तिने तिसरा प्रश्न विचारला. मोडी कागदांचे लिप्यंतर विद्यार्थी करतात. त्यावर उभा राहिलेला लेख छापून येतो तेव्हा लिप्यंतर करणाऱ्याचे नाव कोठे असते?

पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता पसरली. त्या खोलीत निदान दोन जण असे होते की ज्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न बाकीचे सगळे करत होते. अध्यक्ष वयोवृद्ध आणि प्रेमळ होते. ते म्हणाले, ‘‘बाळ, हा विषय पटलावर नाही.’’ तेवढ्यात चहा आला.

त्या रात्री आम्ही कार्यवृत्त लिहिले: ‘विद्यार्थी प्रतिनिधींनी काही उपयुक्त सूचना केल्या. त्यांची नोंद घेण्यात आली.’

हे वाक्य लिहिताना आम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सरकारी फायलींत मोठी झालेली माणसे या वाक्याची ताकद ओळखून असतात. ‘मान्य’ लिहिले तर काम करावे लागते. ‘अमान्य’ लिहिले तर कारण द्यावे लागते आणि त्यावर अपील होऊ शकते. ‘नोंद घेण्यात आली’ असे लिहिले की मात्र काहीच होत नाही. अर्जदार रागावूही शकत नाही, कारण त्याचे म्हणणे कोणी फेटाळलेले नसते. छत्तीस वर्षांत आम्ही किती अर्ज या वाक्याखाली मूठमाती दिली याचा हिशेब नाही. त्या रात्री एका शिकणाऱ्या मुलीचे तीन प्रश्न त्याच वाटेने गेले.

पुढच्या सभेत मागील कार्यवृत्त कायम करण्याचा विषय निघाला. ती पुन्हा उभी राहिली. ‘‘सर, मी कोणत्या सूचना केल्या ते यात नाही.’’ आम्ही म्हणालो, कार्यवृत्त हे संक्षिप्तच असते. तिने पान उलटले. ‘‘मग सकाळच्या नाश्त्यात उप्पीट आणि शिरा कोणी दिला, हे सविस्तर कसं आलं?’’ सगळे हसले. आम्हीही हसलो. आमच्या नोंदीत नाश्ता देणाऱ्या सद्गृहस्थांचे नाव, पदार्थ आणि आभार हे सर्व खरोखरच होते. कार्यवृत्त एकमताने कायम झाले. मार्चअखेर तिची मुदत संपली. पुढच्या वर्षी नेमणूक करताना ‘जरा समंजस’ विद्यार्थी पाहावेत अशी सूचना आली. तिचीही नोंद घेण्यात आली, पण ती मात्र अमलात आली.

असो. आम्ही काही एकटेच असे वागलो नाही, हे समर्थन म्हणून नव्हे पण माहिती म्हणून सांगतो. विद्यार्थ्याला बसायला जागा द्यावी आणि बोलण्याला वजन देऊ नये, ही रीत मोठ्या कायद्यांतही शोधता येते. कडगंचीचे विद्यापीठ ज्या कायद्याने झाले त्याला जोडलेल्या मूळ परिनियमांत विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता तिचे अध्यक्ष. वीस विद्यार्थी अभ्यास, खेळ आणि इतर गुण पाहून विद्वत्सभेने नेमायचे, वीस विद्यार्थ्यांनी निवडून द्यायचे. काम काय, तर अभ्यासक्रम, विद्यार्थी कल्याण आणि विद्यापीठाचा कारभार यांविषयी योग्य त्या अधिकारमंडळाकडे सूचना करणे, आणि त्या सूचना सर्वसंमतीने करायच्या. आमच्या व्यवसायबुद्धीला यातले शेवटचे दोन शब्द बोचतात. सूचना करण्याचाच अधिकार असेल आणि तीही सर्वांच्या संमतीने करायची असेल, तर एकट्या उभ्या राहिलेल्या मुलीने काय करावे? त्याच तरतुदीत एक उपवाक्य मात्र चांगले आहे: कोणत्याही विद्यार्थ्याला, अध्यक्षांची अनुमती असल्यास, विद्यापीठासंबंधीचा कोणताही विषय परिषदेपुढे आणता येतो आणि चर्चेत भाग घेता येतो. अनुमतीची मेख आहेच. तरी ‘कोणताही’ हा शब्द कायद्यात पडला ही लहान गोष्ट नव्हे.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालात विद्वत्सभांमध्ये विद्यार्थ्यांना स्थान असावे असे म्हटले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांची उमेदवारीची वर्षे धारवाडकडच्या खेड्यात गेली, म्हणजे एका अर्थी ते आपलेच. पुढे विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यास जी समिती बसली तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर; सातारला जन्मलेले, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले. सीमेच्या दोन्ही अंगांना पाय असलेल्या माणसांनी या प्रश्नात लक्ष घालावे, हा योगायोग आम्हाला गोड वाटतो.

व्यवहारात मात्र गाडी दुसरीकडे गेली. मुंबईत १९८९ साली निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांवर पडदा पडला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गाचा प्रतिनिधी मागील परीक्षेतील गुणांवरून ठरवण्याची पद्धत आणली. खून टळावेत म्हणून हे केले, हे समजते. पण गणितात पहिला आलेला मुलगा वसतिगृहाच्या पाण्याविषयी बोलण्यास पात्र कसा, हे कोडे त्या कायद्याने सोडवले नाही. २००६ साली माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने निवडणूक खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा, पंचाहत्तर टक्के हजेरी, छापील भित्तिपत्रकांना बंदी अशी पथ्ये सांगितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती लागू केली. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक पुन्हा आली. कागदावरची तरतूद अमलात उतरवणे मात्र लांबत गेले.

हे सगळे विद्यापीठांचे झाले. अभ्यासकांच्या परिषदांना असला कोणताच कायदा बांधत नाही. त्यांची घटना त्यांनी लिहायची, आणि खात्याला वर्षाकाठी हिशेब व सभासदांची यादी पाठवली की झाले. तेथे विद्यार्थ्याला जागा द्यायची की नाही, हा सर्वस्वी ज्येष्ठांच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न. बाहेर काय करतात हे आम्ही निवृत्तीनंतर कुतूहलाने वाचून काढले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९८८ साली पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शाखाच उभी केली. तेथील भाषाशास्त्र परिषदेत ब्लॉक दांपत्याच्या स्मरणार्थ जी शिष्यवृत्ती देतात, ती मिळवणारा विद्यार्थी परिषदेच्या कार्यकारी मंडळावर मताधिकारासह बसतो आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवरील समितीतही काम करतो. मताधिकारासह, हे महत्त्वाचे. स्कॉटलंडात तर १८५८ च्या कायद्याने जुन्या विद्यापीठांच्या ‘रेक्टर’ या पदाची निवड विद्यार्थ्यांकडे आली, आणि ते रेक्टर विद्यापीठाच्या कारभारमंडळाचे अध्यक्षपद भूषवतात. मध्ययुगात बोलोन्या येथे विद्यार्थ्यांचाच संघ होता आणि गुरुजींनी वेळेवर यावे, वेळेवर संपवावे म्हणून तो त्यांना दंड करी. आमच्या परिषदेत हा नियम आणला असता तर निधीची चणचण कायमची मिटली असती.

पण विलायतेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आमचे वडील सांगत, १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहांत मुलांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हटले. मनाई झाली तरी सोडले नाही. मोठ्या संख्येने त्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. त्या मुलांना कोणत्याही समितीवर जागा नव्हती. आम्ही आमच्या विद्यार्थिनीला जागा दिली, खुर्ची दिली, नावाची पाटीदेखील दिली.

आमच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेविषयी बोलायचे तर १९७९ साली गुलबर्ग्यात बी.ए.ला असताना आम्ही वर्गप्रतिनिधी होतो. स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करणे एवढेच काम. एकदा ग्रंथालय सायंकाळी सातपर्यंत उघडे ठेवावे असे आम्ही प्राचार्यांना सांगण्यास गेलो. ते ‘बघू’ म्हणाले. वर्ष संपले, आम्ही पास झालो, ग्रंथालय पाचला बंद होत राहिले. प्रतिनिधीची मुदत एका वर्षाची असते आणि कोणत्याही दफ्तराचा स्वभाव कळायलाच एक वर्ष लागते. विद्यार्थी जातो, प्रश्न राहतो, आणि नवा येणारा तोच प्रश्न जणू पहिल्यांदाच विचारतो. ज्येष्ठांना याची पूर्ण कल्पना असते. दम धरला की झाले.

कडगंचीहून परतल्यावर आम्ही आमच्या कच्च्या वह्या काढल्या. सभेत बोलले जाणारे जसेच्या तसे उतरवून घेण्याची आमची जुनी खोड. पक्के कार्यवृत्त नंतर त्यातून ‘शुद्ध’ करायचे. २०१३ च्या वहीत तिचे तिन्ही प्रश्न आकड्यांसह होते. अध्यक्षांचे वाक्यही होते. समासात आमच्याच अक्षरात ‘वगळावे’.

आम्ही साधा सभासद या नात्याने परिषदेला पत्र लिहिले. कायम झालेले कार्यवृत्त बदलता येत नाही हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती; पण मागील नोंद अपुरी होती, पूर्ण नोंद सोबत जोडली आहे, असा नवा ठराव करता येतो. ते तीन प्रश्न ठरावात घ्यावेत आणि त्यांची उत्तरे द्यावीत अशी विनंती केली. दीड महिन्याने उत्तर आले. पत्र आभारपूर्वक वाचण्यात आले, असे म्हणून पुढे आमच्या ओळखीचे ते चार शब्द. आमच्या सौभाग्यवती इतक्या हसल्या की आम्हाला प्रथम राग आला. ‘‘तुम्हीच शिकवलंत त्यांना,’’ त्या म्हणाल्या.

तिलाही आम्ही फोन केला. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात एका महाविद्यालयात शिकवते. झाले ते सगळे आम्ही सांगितले. क्षमा मागताना जीभ जड झाली, कारण वयाने ती आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिने शांतपणे ऐकून घेतले. कार्यवृत्ताचे तिला फारसे काही वाटले नसावे. तिने एवढेच विचारले, ‘‘सर, त्या लिप्यंतराच्या पानांवर आता नाव घालता येईल का? मी एकटी नव्हते, चौघं होतो.’’ छापून झालेल्या पुस्तकात नाव कसे घालणार? पुढच्या खंडात निवेदन देता येईल, पण ते संपादकांच्या हाती, आणि त्या लेखांचे लेखक हयात आहेत. आम्ही ‘बघतो’ म्हणालो आणि हा शब्द तोंडातून गेल्यावर आम्हाला आमचे प्राचार्य आठवले.

गुरुचरित्राची रचना आठवून पाहावी. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतात. नामधारकाने विचारले नसते तर ग्रंथ पुढे सरकलाच नसता. विचारल्याबद्दल सिद्ध त्याच्यावर कोठे रागावत नाहीत, उलट त्यांना आनंद होतो. सायंदेवांच्या गावात राहून आणि पारायणे करून आम्हाला हे सभेत आठवले नाही.

मागील महिन्यात ते दोघे विद्यार्थी आमच्या कडगंचीच्या घरी आले. परिषदेची जुनी कार्यवृत्ते पाहण्यास मिळतील का, असे त्यांनी विचारले. परिषदेच्या कार्यालयात विचारले असता किल्ली ज्यांच्याकडे आहे ते गावाला गेले आहेत असे समजले होते. आमच्याजवळ दहा वर्षांच्या प्रती एका रुमालात बांधलेल्या होत्या. आम्ही तो काढून दिला. दोघे ओसरीवर बसून दुपारभर वाचत होते. सौभाग्यवतींनी दोनदा चहा दिला, तो निवून गेला. मुलगा कन्नडमध्ये एक-एक नोंद मोठ्याने सांगे आणि मुलगी उतरवून घेई: विषय कोणता, कोणी मांडला, उत्तर काय मिळाले. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहत होता.

२०१३ च्या त्या पानावर मुलगा थांबला. त्याने वाक्य दोनदा वाचले, आणि मराठी फारसे येत नसल्याने मुलीकडून अर्थ करून घेतला. मग त्याने आम्हाला विचारले, नोंद घेण्यात आली असे लिहिले आहे, पण घेतली कोणी?

आम्ही आत जाऊन कच्ची वही आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. समासातला शब्दही झाकला नाही. मुलीने ते पान वाचले, आमच्याकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘काका, ही वही नेऊ का?’’ सायंकाळच्या गाडीने ते दोघे वही आणि रुमाल घेऊन गेले. परिषदेची सभा पुढील महिन्यात आहे. विषयपत्रिका निघण्यापूर्वी एकवीस दिवस आधी लेखी विषय पाठवला तर तो पटलावर घ्यावाच लागतो, असे घटनेच्या एका पोटकलमात आहे. ते कलम आम्हीच कधीकाळी लिहिले होते. त्याखाली आम्ही लाल शाईने रेघ मारून दिली आहे.